गुरुवारचा दिवा

बेटावरून,
३ मार्च

आ-यू,

तू फोन करत असशील, मी उचलत नाही म्हणून घाबरली असशील, तेव्हा आधी सांगतो की मी जिवंत आहे. बिघाड माझ्या फोनात नाही, सगळ्या बेटाचाच फोन गेला आहे. तेवीस फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, कुठल्याशा जहाजाचा नांगर समुद्राच्या तळावरून फरफटत गेला आणि तैवानहून आमच्याकडे येणारी केबल तुटली. फोन नाही, इंटरनेट नाही. टेकडीवरच्या मनोऱ्यातून थोडंफार येतं ते दवाखान्याला आणि कचेरीला पुरतं. दुरुस्तीचं जहाज दुसरीकडे गुंतलं आहे म्हणतात. कधी येईल ते कोणी सांगत नाही, म्हणून मला वाटतं येणारच नाही.

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी होडीवर गेलो हे तुला ठाऊक आहे. आमच्या घरात पत्रं लिहायची ती तुझी आई. ती असती तर मी नुसता शेजारी बसून सांगितलं असतं.

धुक्याचे दिवस सुरू झाले आहेत. सकाळी खिडकी उघडली की धुकं आत येतं, खुर्चीवर बसल्यासारखं करतं आणि निघून जातं. विमान येत नाही, बोट आली तर आली. दुपारी मी गॅस बंद केला का ते बघायला दोनदा परत घरी जातो. मग तिंगच्या दुकानात लाल दारूतल्या शेवया खातो. तिथली ह्वेइलान तुला आठवणार नाही. तू मागे आईच्या कार्याला आलीस तेव्हा दुकानात गेलीच नव्हतीस. तैवानातल्या ताइचुंग शहराची आहे, नवरा बोटीवर, सासू अंथरुणावर, बोलणं कमी. तिची मला काळजी वाटते. केबल तुटली त्या रविवारी तिनं दुकान उघडलंच नाही. केस नीट विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर टेकडीवर फोन वर धरून फिरत होती. घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा आता तो फोन धरून पायरीवर बसते. तैवानमध्ये कोणीतरी आहे तिचं, असं मला वाटतं. नवऱ्याला काय सांगायचं?

तू वेळेवर जेव. खोकला गेला का?

तुझा मामा,
ई-मू


तैपेई,
११ मार्च

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं. पाकिटाला मासळीचा वास होता, म्हणून बराच वेळ उघडलंच नाही, नुसतं हातात धरलं. केबल तुटल्याचं मी बातम्यांत पाहिलं होतं. माझ्याच पत्रिकेत दोन ओळी दिल्या होत्या. खोकला आहे, पण कमी आहे.

तुम्ही नेहमी विचारता की मी नक्की काय करते, आणि मी नेहमी ‘कॉम्प्युटर’ म्हणून विषय संपवते. आज कागदावर सांगते. दिवसा माझी नोकरी असते. त्याशिवाय गेली नऊ वर्षं दर गुरुवारी सकाळी मी एक पत्रिका पाठवते. तिचं नाव ‘गुरुवारचा दिवा’. आमच्या धंद्यातले हजारो लोक ती चहाबरोबर वाचतात. कुठल्या प्रोग्रामात भोक सापडलं, कुठल्या कंपनीनं किती माणसं काढली, यंत्र आता कोणाचं काम करायला लागलं, नव्या मुलांना नोकरी कोण देतंय, कोणाला बाळ झालं, कोण वारलं, असं सगळं असतं. मी एकटी काढते आणि मी थकले आहे, मामा. बुधवारची रात्र सगळी जागून काढते.

अगदी एकटी असंही नाही. तीन वर्षांपूर्वी एका वाचकानं चूक कळवली. खाली सही होती, ‘मीठ’. आमच्यात अशी टोपणनावं चालतात. पुढं दर गुरुवारी मीठ चुका कळवू लागलं, मग बातम्या आणू लागलं, आणि आई गेली त्या महिन्यात तर सगळे अंक मिठानंच तयार केले. मी चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. बाई की बुवा तेही माहीत नाही.

पत्रिका मिठाकडे सोपवायची असं मी ठरवलं होतं. पण त्यात किल्ल्या द्याव्या लागतात. लोखंडाच्या नव्हेत, लांबलचक आकडे असतात. ज्याच्या हातात ते, तो हजारो लोकांच्या घरात माझ्या नावानं शिरू शकतो. म्हणून आमच्याकडे रीत आहे. किल्ली देण्याआधी समोरासमोर यायचं, एकमेकांची ओळखपत्रं बघायची, आणि मग चारचौघांत सांगायचं की मी या माणसाला पाहिलं आहे. निदान पडद्यावर तरी चेहरा दाखव, असं मी म्हटलं. मीठ बरंच टाळत होतं. शेवटी हो म्हणालं. तेवीस फेब्रुवारी, रविवार, दुपार.

मी दिवसभर बसून राहिले. मीठ आलं नाही. त्यानंतर एक अक्षरही नाही.

मित्र म्हणतात, चेहरा दाखवायची वेळ आली की चोर पळतो. काही म्हणतात, तो माणूसच नव्हता, यंत्र होतं. हल्ली यंत्रं इतकी छान लिहितात की आम्हालाही ओळखू येत नाही, आणि अशी गोड बोलून किल्ल्या पळवल्याच्या बातम्या मी स्वतः छापल्या आहेत. मीठ नसेल तर दिवा बंद करायचा, असं मनात आहे. महिनाअखेर ठरवीन. तुम्ही काळजी करू नका, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त करू नका.

तुमची,
आ-यू


बेटावरून,
१५ मार्च

आ-यू,

आज ऊन पडलं आहे, दुपारी बोट सुटते आहे, म्हणून घाईत लिहितो.

बंद कर. देऊ नकोस कोणाला काही. तो चोरच असणार. तीन वर्षं काम केलं आणि तोंड दाखवत नाही, असा कुठं माणूस असतो? तुझे आजोबा गोदामाची किल्ली कोणाला देण्याआधी त्याला घरी बोलवून शेवया खायला घालायचे. समोर बसून माणूस कसा खातो ते बघायचे. जो समोर बसून खात नाही त्याला किल्ली नाही. तुझ्या या मिठानं तुझ्याकडे काय खाल्लं? यंत्र असेल तर खाणार तरी कशानं?

बरं झालं आधीच कळलं. मला दोन रात्री झोप नाही. तू दाराला दुसरी कडी लावून घे.

मामा


बेटावरून,
२० मार्च

आ-यू,

हे पत्र आधी वाच आणि पंधरा तारखेचं मागून वाच, किंवा वाचूच नकोस.

काल तिंगच्या दुकानात तुझं पत्र पुन्हा काढलं. मला मनात वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. ओठ हलतात, आणि कान कमी झाल्यापासून आवाजही मोठा निघतो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. दारात धुकं इतकं होतं की पायरीच्या पुढं जगच नव्हतं. मी वाचत होतो, ‘मी दिवसभर बसून राहिले,’ आणि मागे डाव पडल्याचा आवाज आला.

“ई-मू काका,” ह्वेइलान म्हणाली, “ते परत वाचा.”

“दुसऱ्याची पत्रं ऐकू नयेत,” मी म्हटलं.

“तुम्ही धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं वाचता. तुमची भाची ‘दिवा’ काढते?”

“तुला काय करायचंय?”

ती माझ्यासमोर उभी राहिली. हात ओले होते. “काका, मीठ म्हणजे मी.”

मी तुझा मामा आहे, मी इतक्या सहज फसतो का? मी म्हटलं, “मी आत्ता मोठ्यानं वाचलं, तू ऐकलंस आणि तू मीठ झालीस. उद्या मी समुद्रदेवी माझू आईचं स्तोत्र वाचलं तर तू देवी होशील.”

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, “मग विचारा काहीतरी.”

“मी काय विचारू? मला त्यातलं कळतं काय?”

भांडं उतू जात होतं, तिनं बघितलंही नाही. मग म्हणाली, “आई गेल्यावर वान-यूनं, तुमच्या भाचीनं, मला एक स्वप्न लिहिलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही म्हणाली होती. ती समुद्राच्या तळावरून चालते आहे. उजेड शिंपल्याच्या आतल्यासारखा. पुढं आई दिवा घेऊन चालली आहे, पण अंतर कमी होत नाही. पायाखाली फक्त एक काळी दोरी. मी लिहिलं, दोरी सोडू नकोस. एका टोकाला तू आहेस तर दुसऱ्या टोकालाही कोणीतरी असेलच.”

आ-यू, हे खरं आहे का? खरं नसेल तर मला कळव. पण मला वाटतं खरं आहे, कारण ती सांगत असताना मला माझी बहीण दिसली. ती दिवा नेहमी डाव्या हातात धरायची.

मी विचारलं, तोंड का लपवलंस? म्हणाली, “लपवलं नाही. सासू पडली म्हणून नोकरी सोडून इथं आले. शेवया उकळते म्हटलं की धंद्यातले लोक माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलतात. मीठ म्हटलं की भांडतात. मला भांडणं आवडतात.” मग कोणाच्या हाती निरोप का नाही पाठवलास, म्हटलं. तर म्हणे, “दुसऱ्याच्या तोंडचा निरोप माझाच कशावरून? तिनं मानला नसता. मीही मानला नसता.” विचित्र लोक आहात तुम्ही.

मग तिनं गल्ल्यातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मी चष्मा पुसून पाहिलं. कार्डावर गाल भरलेले आहेत, आता बसले आहेत, पण कान तेच आहेत. कान बदलत नाहीत. तिला म्हटलं, दोन वाट्या घे आणि समोर बस. इतकी वर्षं ती मला वाढते, पण समोर बसून कधी खाल्लं नव्हतं. तिनं सगळं खाल्लं, शेवटी वाटी दोन्ही हातांनी उचलून रस प्यायली.

तर मी, छाओ ई-मू, लिहून देतो की मी या बाईला पाहिलं आहे.

टपालाचं पोतं धक्क्यावर पडून आहे, बोट नाही. कचेरीत जाऊन म्हटलं, तैपेईला एकच निरोप द्या. कारकून म्हणाला, “कोण आजारी आहे?” “कोणी नाही.” “मग पत्र लिहा, काका.” माझं उतावळं पत्र उन्हात निघून गेलं आणि हे धुक्यात अडकलं आहे. तू अजून काही केलं नाहीस ना?

मामा


तैपेई,
२८ मार्च

मामा,

तुमचं पंधरा तारखेचं पत्र पोचलं. आजोबांची शेवयांची गोष्ट वाचून हसले, आणि मग ठरवूनच टाकलं. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. जो समोर बसत नाही त्याला किल्ली नाही.

कालच्या अंकात मी निरोप घेतला. एप्रिलअखेर दिवा बंद. आणि मिठाबद्दलही लिहिलं, नाव घेऊन. हा माणूस असेल असं समजू नका, तो चोर किंवा यंत्र असावा, तुमच्या दाराशी आला तर उघडू नका, असं. शेकडो लोकांनी आभार मानले. एकानं लिहिलं, मला पहिल्यापासून संशय होता. त्याला कधीच नव्हता, मला ठाऊक आहे.

अंक पाठवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खोलीत बसून होते तर पंख्याचा आवाज समुद्रासारखा येऊ लागला.

आ-यू


तैपेई,
३० मार्च

मामा,

तुमचं वीस तारखेचं पत्र काल आलं. स्वप्न खरं आहे. मी फक्त मिठाला लिहिलं होतं.

इतकी वर्षं मी तिला ‘तू कुठं बसली आहेस’ असं एकदाही विचारलं नाही. आमच्यात कोणी विचारत नाही. माणूस पडद्यात असतो, कुठल्या गावात नसतो. बेटाची केबल तुटली म्हणून मी तुम्हाला कागदावर लिहीत होते, आणि त्याच दिवशी गप्प झालेल्या माणसाला चोर ठरवत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची ओळख झाली नाही.

आज माफीचा वेगळा अंक काढला. निरोपासाठी रडलेले लोक आता शिव्या देत आहेत, ते चालेल. पण केबल जोडली की तिच्या फोनवर दोन्ही अंक येतील आणि आधी आधीचा उघडेल. स्वतःबद्दल ते तिनं पडद्यावर वाचू नये. मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे.

कीलुंग बंदरातून बोटीत जागा मिळाली की निघते. तुम्ही तिला काही बोलू नका. आणि मामा, तिच्या दुकानात पत्रं वाचू नका.

आ-यू


बेटावरून,
५ एप्रिल

आ-यू,

तू बोटीत असशील किंवा कीलुंगला अडकली असशील, हे पत्र कोणाकडे जाईल ठाऊक नाही. तरी लिहितो, कारण बोलायला कोणी नाही.

दुरुस्तीचं जहाज आलं. धुकं विरळ झालं की दिसतं, पांढरं, हवेत टांगल्यासारखं, खाली पाणी आहे असं वाटतच नाही. सगळं बेट धक्क्यावर जमून बघतं. पोरं गाणी म्हणतात. ह्वेइलान मला विचारते, “काका, भाचीचं उत्तर आलं?” मी खोकतो. तिनं मला खोकल्याचं औषध दिलं. ते घेताना मला फार वाईट वाटलं.

माझू आईच्या देवळात गेलो होतो. सगळे केबल लवकर जोड म्हणून उदबत्त्या लावत होते. मी म्हटलं, आई, जोड, पण सावकाश. मग वाटलं, दवाखान्यात कोणाचं नुकसान झालं तर? मग म्हटलं, तुला योग्य वाटेल तसं कर, पण आधी बोट पाठव. देवीचा चेहरा धुरात दिसत नव्हता. सगळ्यांच्या विरुद्ध मागणारा मी एकटाच.

शेवया पचत नाहीत. त्या पत्रात मी काय काय लिहिलं ते आठवतं. कडी लावून घे म्हणालो होतो.

मामा


बेटावरून,
१९ एप्रिल

आ-यू,

नीट पोचलीस का? बोट हलली का? तू आलीस तो दिवस तुला पुन्हा सांगतो. तू होतीस तरी सांगतो, कारण तू फक्त तिच्याकडे बघत होतीस, मी दोघींकडे बघत होतो.

तू धुक्यातून दुकानाच्या पायरीवर आलीस. तुझी पिशवी आधी दिसली, मग तू. ह्वेइलाननं कोणी प्रवासी समजून विचारलं, “काय घेणार?” तू पिशवी खाली ठेवलीस. ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलंस. तिनं ते वाचलं, हात पुसले, पुन्हा पुसले, गल्ल्यातून आपलं काढून शेजारी ठेवलं. मग दोघी एकमेकींची कार्डं वाचत बसलात, जणू काही दहा पानांचा मजकूर आहे. मला भीती वाटली की तुम्हा लोकांना समोरासमोर बोलताच येत नसेल.

मग तू सांगितलंस, सगळं, तिच्याकडे बघत. ती भांडं ढवळत राहिली. ढवळण्यासारखं आत काही नव्हतं, मी पाहिलं.

“चोर म्हणालीस की यंत्र?” तिनं विचारलं.

“दोन्ही.”

“एक काहीतरी ठरवायचं होतंस. संपादक आहेस ना?”

आणि तिनं तुझ्यासमोर वाटी ठेवली. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, त्यात दोन अंडी होती. मला इतक्या वर्षांत एकच मिळतं.

तू आईच्या थडग्यावरचं गवत काढायला गेलीस तेव्हा ती मला म्हणाली, “किल्ल्या देते म्हणते. मी घेऊ का, काका?” मी म्हटलं, “मला विचारू नकोस, माझा सल्ला धोक्याचा असतो.” तरी तिनं घेतल्या म्हणून बरं वाटलं. पुढचा गुरुवार तिचा. तू आता बुधवारी झोप.

परवा केबल जोडली गेली. मी दुकानातच होतो. आधी एका फोननं आवाज केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या वाडीत रातकिडे सुटल्यासारखं झालं. ह्वेइलाननं हात पुसून फोन उचलला. एवढ्या दिवसांचं साठलेलं एकामागून एक येत होतं. मी चष्मा लावून शेजारी बसलो. तिनं नको म्हटलं नाही. तुझा तो अंकही आला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला, चेहरा जरा लाल झाला, आणि तुला काहीतरी लिहून पाठवलं. मी घाबरून विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, “तिसऱ्या बातमीतली तारीख चुकली आहे.”

मग बोटानं सरकवत सरकवत ती अगदी वर गेली, त्या रविवारपर्यंत. तिथं तुझ्या ओळी होत्या. मी हळू वाचतो म्हणून तिनं थांबून वाचू दिल्या. ‘मीठ, आहेस का?’ खाली पुन्हा, ‘आहेस का?’ आणि संध्याकाळची, ‘मी अजून बसले आहे. आहेस का?’

त्या ओळी समुद्राच्या तळाशी इतके दिवस पडून होत्या असं मला वाटलं. तसं होत नाही, ती म्हणाली, पण मला तसंच वाटतं. बाहेर धुकं उचललं होतं आणि पांढरं जहाज निघून चाललं होतं.

ती त्याच ओळींच्या खाली लिहायला लागली. मी म्हटलं, “आता कशाला? ती येऊन गेली, जेवून गेली.”

“विचारलंय ना तिनं, काका,” ती म्हणाली. “उत्तर द्यायला हवं.”

एकच शब्द लिहिला तिनं. मी मोठ्यानं वाचला: “आहे.”

तुझा मामा,
ई-मू